हाकेच्या जागी बसवलेले दोन कॅमेरे

माझी सगळी नोकरी खरेदी विभागात गेली. टाचणीपासून कपाटापर्यंत काहीही घ्यायचं असो, तीन ठिकाणचे भाव मागवायचे, एका कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून त्यांचा तक्ता करायचा आणि सर्वांत कमी भावाच्या खाली लाल शाईने रेघ ओढायची. वीस वर्षं हेच केलं. मला त्याची इतकी सवय लागली होती की घरात मिक्सर घ्यायचा तरी मी तीन दुकानं फिरल्याशिवाय राहत नसे. नवरा हसायचा. वडील म्हणायचे, "हिने आम्हाला तरी कोटेशन न मागवता कसं ठेवून घेतलं, देव जाणे."

वडिलांच्या वाडीसाठी कॅमेरे घेताना मी असाच तक्ता केला होता. तो कागद अजून माझ्याकडे आहे. फाडावासा खूपदा वाटला, पण फाडलेला नाही.

वडील पाणी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी भाईंदरजवळच्या डोंगरी गावात एक लहानशी वाडी घेतली. आई तोवर गेली होती. आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडपासून पाच मिनिटांवर, दोन खोल्यांत राहत होतो. तिथे त्यांचा जीव रमत नव्हता. "खिडकी उघडली की समोरच्याच्या कढईत काय आहे ते दिसतं," म्हणायचे. वाडीवर विहीर होती, तोंडलीचा मांडव, वांगी, केळी आणि बारा नारळ. राहायला एक पत्र्याची खोली. शिवाय वाडीबरोबर चालत आलेला एक राखणदार.

हा राखणदार गावातलाच, ख्रिस्ती, वडिलांपेक्षा दोनेक वर्षांनी मोठाच असेल. वाडीच्या कोपऱ्यात त्याची झोपडी होती. वडिलांना तो "शेट" म्हणायचा आणि वडील दर वेळी "अरे, शेट कुठला, पेन्शनर आहे मी," म्हणून त्याला झापायचे. दोघांचं मस्त जमत होतं. मला तो "बाय" म्हणायचा आणि मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत असे.

तिथे एक रीत होती. दिवेलागणीला प्रत्येक वाडीचा राखणदार किंवा मालक कुंपणाशी उभा राहायचा, तोंडाभोवती दोन्ही हात धरायचा आणि शेजारच्या वाडीच्या दिशेने हाक द्यायचा, "हाय काऽऽ?" तिकडून उत्तर यायचं, "हाऽऽय!" मग तो शेजारी आपल्या पलीकडच्याला विचारायचा. अशी ती हाक वाडीवाडीवरून गावाच्या टोकापर्यंत जायची. दोन-तीनदा हाक देऊनही कुठून उत्तर आलं नाही, तर हातातलं काम टाकून तिथे जायचं. पूर्वी साप फार, विहिरींना कठडे नाहीत, माणसं एकेकटी. तेव्हापासून चालत आलेलं असणार. वडिलांना ही हाक फार आवडायची. मी वाडीवर असले की मुद्दाम मला बाहेर बोलावून ऐकवायचे. मला मात्र तो आरडाओरडा वाटायचा. खरं सांगते, मला लाज वाटायची. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माझा बाप संध्याकाळी कुंपणाला टेकून कौतुकाने बोंबा ऐकत बसतो, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नसतं.

आधी केळीचे दोन घड गेले. मग तांब्याची तार गेली. आणि मग एका रविवारी विहिरीवरची मोटर गेली. त्या दिवशी वडील आमच्याकडे जेवायला आले होते आणि राखणदार चर्चमध्ये मिसाला गेला होता. परत येऊन बघतो तर नुसते नटबोल्ट पडलेले.

मी वडिलांबरोबर वाडीवर गेले ती डोक्यात राख घालूनच. शेजारच्या वाडीतली, सगळे जिला मावशी म्हणत ती बाई, तिची सून आणि रस्त्याने चाललेल्या दोघी-तिघी यांच्यासमोर मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही होता कुठे?"

"मिसाला गेलतो, बाय."

"दर रविवारी त्याच वेळेला जाता ना? मग चोरालाही ते माहीत असणार. की चोराला तुम्हीच सांगून जाता?"

त्याने डोक्याची टोपी काढून हातात धरली आणि उभा राहिला. वडील म्हणाले, "पुरे." मला वाटलं, त्याच्याकडे उत्तर नाही म्हणून गप्प आहे. माझ्या नाकावर कायमच राग असतो आणि तो आला की समोरच्याचं गप्प राहणं हा मला त्याचा कबुलीजबाब वाटतो. हा माझा जुना दोष आहे. त्याची किंमत आजवर मी कधीच मोजली नाही, दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

त्या आठवड्यात मी कॅमेऱ्याच्या मागे लागले. तेव्हा कॅमेरे सोन्याचांदीच्या दुकानांत आणि बँकांत असायचे, शेतावर कॅमेरा ही कल्पनाच लोकांना हसायला लावायची. केबिन रोडवरच्या एका दुकानदाराने तर मला विचारलं, "भाभी, खेत में कॅमेरा? बैंगन का फोटो निकालना है क्या?" पण माणूस चांगला होता. स्टुलावर बसवून, चहा देऊन त्याने सगळं समजावून सांगितलं. एक, नुसता खोटा कॅमेरा, लाल दिवा लुकलुकणारा, चोराला भिववण्यापुरता. दुसरा, खरे कॅमेरे आणि एक पेटी. पेटीत सगळं साठत जातं, वीस दिवसांचं राहतं, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं. तिसरा प्रकार महाग. वाडीवर इंटरनेटची लाइन घ्यायची, मग घरी बसून कॉम्प्युटरवर वाडी बघता येते.

"आपको देखना है कि रखना है?" त्याने विचारलं.

मी एक क्षणही विचार केला नाही. "रखना है," म्हटलं. मला पुरावा हवा होता. चोर पकडला गेला की त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकायला काहीतरी हवं होतं. बघत कोण बसणार दिवसभर? मला नोकरी होती.

आणखी दोन दुकानं फिरले, तक्ता केला. चारऐवजी दोन कॅमेरे, कारण तेवढ्यात बसत होतं. रंगीत नाही, काळे-पांढरे. एक फाटकावर आणि एक विहिरीवर, नव्या मोटरसाठी. आवाज टिपणारा माइक वेगळा घ्यावा लागत होता. दुकानदार म्हणाला, लेना हो तो अभी ले लो. मी म्हटलं, चोराचा आवाज ऐकून मला काय त्याचं गाणं बसवायचंय? तो हसला, मीही हसले. तक्त्यात "ध्वनी" असा रकाना मी आखला होता. त्यात तिन्ही दुकानांपुढे आडवी रेघ मारली.

आणि राखणदाराला काढलं. त्याला द्यायचे ते पैसे कॅमेऱ्यांकडे वळवले की खर्च अंगावर येत नव्हता. हा हिशोब मी वडिलांना इतक्या सफाईने समजावला की ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आणि संध्याकाळच्या हाकेचं काय?"

"बाबा, आता कॅमेरे आहेत. बोंबलायची गरज काय?"

ते हसले. मी रागात असले की ते हसून विषय सोडत, आयुष्यभर त्यांनी हेच केलं. म्हाताऱ्याने अंथरुणाची वळकटी केली, खोलीची जास्तीची किल्ली वडिलांच्या हातात दिली आणि भावाच्या घरी गेला. जाताना मला म्हणाला, "येतो, बाय." मी मान हलवली.

कॅमेरे बसले त्या दिवशी मी रजा काढून हजर होते. वडिलांच्या जुन्या टीव्हीवर फाटक दिसायला लागलं तेव्हा माझा ऊर भरून आला. वडीलही खूश झाले. खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, "स्वतःचंच फाटक टीव्हीवर बघायचं म्हणजे गंमतच आहे. बातम्यांपेक्षा बरं." फाटकाबाहेरून एक पायवाट जात होती. शेजारची मावशी आणि इतर बायका भाजीच्या, फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन त्याच वाटेने बसस्टॉपला जात. आठ वाजायच्या आत त्यांची ये-जा चालू व्हायची. जाता-येता फाटकातून वडिलांना हाळी द्यायच्या, कुणी दोन वांगी मागायची, कुणी मासळी देऊन जायची.

मावशी त्या दिवशी फाटकाशी थांबली आणि वर बघून मला म्हणाली, "बाय, ते आमालाबी बघते का?"

"मग! येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो त्यात," मी अभिमानाने सांगितलं.

"आनि ठेवते?"

"वीस दिवस."

तिने पदर सारखा केला आणि गेली. मला वाटलं, चकित झाली असेल.

त्यानंतर चोरी झाली नाही. मी माझीच पाठ थोपटून घेत होते. ऑफिसात सगळ्यांना सांगत होते. महिन्याभराने वडील सहज बोलल्यासारखे म्हणाले, "हल्ली बायका इकडून जात नाहीत. मागच्या बांधावरून जातात. लांब पडतं त्यांना."

"बरंच झालं की," मी म्हटलं.

"आणि संध्याकाळी मी हाक दिली तर आधी उत्तर यायचं. आता मावशी आपल्याला गाळून पलीकडच्याला हाक देते. म्हणते, तुमच्याकडे मशीन हाय."

"मग खरंच आहे ना. आणि बाबा, तुम्ही कशाला ओरडता? शोभत नाही ते तुम्हाला."

त्यांनी ओरडणं सोडलं. हे मी लिहितेय तेव्हा मला स्वतःची चीड येते, आणि चीड येऊन काही उपयोग नाही हेही कळतं. माझ्या बापाभोवती माणसांची एक साखळी होती. सकाळी पायवाटेवरची, संध्याकाळी हाकेतली. ती मी तीन दुकानं फिरून, भाव पाडून, लाल शाईने रेघ मारून तोडली.

तो एप्रिल होता. रोज दुपारी एक वाजता, डबा खायच्या आधी, मी ऑफिसातून वडिलांच्या मोबाइलवर फोन करायची. त्या दिवशी त्यांनी उचलला नाही. मला राग आला. मोबाइल खोलीत ठेवून केळीत हिंडत असतील. दोन वाजता पुन्हा केला, नाही. पावणेतीनला पुन्हा. तेव्हाही नाही. अर्धी रजा टाकून निघाले, भाईंदरला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला "जल्दी चलो, जल्दी चलो" म्हणत राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, उड़ के जाऊँ क्या?" वाडीवर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते.

वडील विहिरीच्या ओट्याखाली पडले होते. ओट्यावर शेवाळ धरलं होतं, त्यावरून पाय घसरला असणार. कमरेचं हाड मोडलं होतं. ऊन सरळ तोंडावर. ओठ फुटलेले. ते जिवंत होते, पण मला ओळखलं असं वाटलं नाही. माझ्या किंकाळीने मावशी, तिची सून आणि आणखी दोघं धावत आले. रिक्षा फाटकाशी उभीच होती, तिच्यातून त्यांना नेलं.

दवाखान्यात ते तीन दिवस होते. शुद्ध येत-जात होती, पण शब्द एकही नाही. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले.

ते नेमके किती वाजता पडले हे पेटीत होतं. मला ते माहीत होतं, सगळ्या तेरा दिवसांत माहीत होतं. लोक भेटायला येत होते, मी त्यांना चहा देत होते आणि मनात मोजत होते की वीस दिवस कधी भरतात. खरं सांगायचं तर मला ते भरायला हवे होते. आपोआप पुसलं जाईल, मला काही करावं लागणार नाही. पण तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच वाडीवर गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. त्यांचे कपडे आणायचे, एवढंच घरी सांगितलं होतं.

मावशी तिच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. मला बघून कुंपणाशी आली. मग म्हणाली, "बाय, एक सांगायचा हाय. मनावरून उतरत न्हाय."

"काय, मावशी?"

"त्या दिसी सकाली मी आवाज आयकला. तुमच्या वाडीतून. तीनदा. हाय का, हाय का, असा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"सकाली कोन हाक देत न्हाय, बाय. हाक सांजची. आनि तुमच्या वाडीची तर बंदच झालेली. मना वाटला, शेट त्या मशीनसंगती कायतरी करतात. पडला-बिडला असता तर मशीन बघील, तुमाला कलवील. तुमीच बोललात ना, सगला दिसते म्हनून." तिचा आवाज फुटला. "मी कल्या खुडत रायली, बाय."

तिला मी काय बोलणार? तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या पेटीला बघता येतं, पण कुणाला कळवता येत नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी विकत घेताना तो रकानाच आखला नव्हता.

खोलीत जाऊन मी टीव्ही लावला आणि पेटीतलं चित्र त्या सकाळपर्यंत मागे नेलं. विहिरीवरचा कॅमेरा. कोपऱ्यात आकडे. सात वाजून चाळीस मिनिटांनी वडील बनियन आणि लुंगीवर आले, मोटरचं बटण दाबलं, पाणी कुठवर आलं ते बघायला ओट्यावर चढले. मग एकदम ते चौकटीत खाली होते. पडताना दिसलेच नाहीत, इतक्या झटक्यात झालं.

बराच वेळ ते हलले नाहीत. मग कोपरावर जोर देऊन थोडे वळले. फाटकाकडे बघितलं. फाटकाबाहेरची वाट रिकामी होती. मी दुसरा कॅमेराही बघितला, त्या सबंध सकाळी त्या वाटेवरून एक कुत्रा गेला.

मग त्यांनी एक हात वर आणला. दुसरा अंगाखाली अडकला होता. तो एकच हात तोंडाच्या बाजूला धरला, राखणदार धरायचा तसा, आणि तोंड उघडलं. आवाज नव्हता. आवाजाच्या रकान्यात मी रेघ मारली होती. तोंड मिटलं आणि ते थांबले. मान मावशीच्या वाडीकडे कलती ठेवून थांबले. मला ते थांबणं चांगलं ओळखीचं होतं, संध्याकाळी कुंपणाला टेकून ते असेच कान देऊन थांबायचे. पुन्हा हात, पुन्हा तोंड, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा हात अर्ध्यावरच राहिला. पण थांबले मात्र तेवढेच.

दहा वाजता चित्र गेलं. लोडशेडिंग. एक वाजता परत आलं तेव्हा ते तिथेच होते आणि ऊन त्यांच्यावर आलं होतं. एक वाजता मी फोन केला होता. पुढचं मी बघितलं नाही.

भिंतीतून पेटीची वायर उपटली. तिच्यात आता ते कायमचं राहणार. चालू केली की ती मागचं पुसून पुढचं लिहायला लागेल, म्हणून ती आमच्या माळ्यावर बंद पडून आहे. ठेवायचंच होतं ना मला.

कपडे पिशवीत भरेपर्यंत दिवेलागण झाली. मी दिवा लावला आणि बाहेर कुंपणाशी येऊन उभी राहिले. लांबून हाक आली. मग तिच्या अलीकडची. मग मावशीची वाडी, "हाऽऽय!" आता ती आम्हाला गाळून पलीकडच्याला विचारेल म्हणून मी वाट बघत होते. पण तिने आमच्या खोलीत दिवा बघितला असणार. तिची हाक सरळ आमच्या वाडीत आली.

"हाय काऽऽ?"

मला एकच शब्द म्हणायचा होता. तोंड उघडलं, पण तो निघाला नाही. तिने पुन्हा हाक दिली, मी कुंपणाचा बांबू धरून उभी राहिले. तिसऱ्यांदा हाक आली नाही. पायांचा आवाज आला. पायवाटेवरून, कॅमेऱ्याखालून, हातातल्या कळ्या तशाच धरून मावशी धावत आली. धापा टाकत म्हणाली, "काय झाला, बाय? जबाब का न्हाय दिला?"

तिला आमच्या फाटकापर्यंत यायला चार मिनिटंही लागली नव्हती.